न घेतलेलं माप

दामू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका बाईंच्या चपलेचा अंगठा शिवत होतो. सकाळचे साडेअकरा झाले असतील, जूनचा पहिला आठवडा, आणि नागपूर नुसतं भाजून निघत होतं. फोन अर्चनाचा होता, म्हणजे दामूच्या मुलीचा. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली... आणि मी विचारलं, "पाय?" ती म्हणाली, "हो, पायाचंच. सगळ्या अंगात पसरलं." तिने मला हे विचारलं नाही की तुम्हाला पायाचं कसं माहीत. मी फोन ठेवला. अशा वेळी माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं म्हणतात, मला राग आला. हातातली आरी बोटात घुसली, तरी राग गेला नाही. समोर बसलेल्या त्या बाईंवर मी उगाच ओरडलो, की चप्पल अशी फरफटत चालता कशाला, पाय उचलता येत नाही का? त्या बिचाऱ्या चप्पल तशीच टाकून अनवाणी निघून गेल्या. त्यांची चप्पल अजून माझ्याकडे पडून आहे.

संध्याकाळी माझी बायको विमल दामूच्या घरून परत आली. रडून रडून डोळे सुजले होते. मोरीत एकेक पाय उचलून, भिंतीला हात न लावता तिने पाय धुतले, आणि पुसता पुसता म्हणाली, "अर्चना सांगत होती, चैत्रात दामूभाऊ आपल्या दुकानी आले होते. काहून आले होते जी?" मी म्हणालो, "काही नाही. असाच आला होता." ती पंचा दोरीवर टाकून आत गेली. चाळीस वर्षांच्या संसारात माझं खोटं तिला चांगलं ओळखता येतं, पण तिने पुन्हा विचारलं नाही. त्याला आता दीड महिना झाला. या रविवार पुरवणीच्या संपादकांचा निरोप आला, की बोंडेसरांचे बालमित्र म्हणून चार शब्द लिहा, तेव्हा मी आधी नाही म्हणालो, कारण त्या चारांतले तीन शब्द शिव्या झाले असते. मग वाटलं, लिहावं. जे विमलला तोंडाने सांगायला जीभ उचलत नाही, ते लिहून तरी होईल. तेव्हा वाचकांनी आधीच समजून घ्यावं, की यात दामोदर बोंडे नावाच्या माणसाची आरती नाही. ती हवी असेल त्यांनी शोकसभेला यायला हवं होतं.

शोकसभा बागेत झाली. ज्या कडुनिंबाखाली तो रोज सकाळी पायांच्या व्यायामाचा वर्ग घ्यायचा, त्याच झाडाला त्याचा फोटो टेकवून ठेवला होता. एक गृहस्थ म्हणाले, सरांचं आयुष्यात कोणाशी वैर नव्हतं. मी मागे उभा होतो. मनात म्हटलं, अहो, माझ्याशी होतं ना! चार वर्षं होतं, चांगलं भरभक्कम होतं, मला काय म्हणून खोडून टाकता? दुसरे म्हणाले, सर कधी चिडले नाहीत. याच सरांनी शाळेत, ओळीत पोक काढून उभा राहिला म्हणून कित्येक पोरांना भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या आहेत. माणूस मेला की त्याला घासून पुसून गुळगुळीत करायची आपल्याकडे भलती घाई असते. मला ते ऐकवेना, आणि सवयीप्रमाणे नजर खाली गेली. लोकांनी फरसबंदीच्या कडेला चपला काढून ठेवल्या होत्या. दोन-चार उलट्या पडल्या होत्या. बाकीच्या, नीट लावतो आहे असं दाखवत, मी एकेक उलटून पाहिल्या.

हे जोड्याच्या धंद्यात नसलेल्या माणसाला सांगून कळायचं नाही, पण सांगतो. चपलेचा तळ कधीच सरळ झिजत नाही. कोणाची टाच बाहेरून झिजते, कोणाचा चवडा आतून, कोणी एका पायावर जास्त भार देतो, कोणाचं पाऊल आत कलंडलेलं असतं आणि त्यापायी गुडघा आत, कंबर वाकडी, मान पुढे. मी तळ पाहून सांगू शकतो की या माणसाची कंबर दुखते. पन्नास वर्षं हेच केलं. त्या दिवशी बागेत साठएक जोड होते, बहुतेक साठीपुढच्या बायामाणसांचे, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त तळ सरळ झिजलेले होते. टाच, मग बाहेरची कड, मग चवडा, मग अंगठा, जसं पाऊल पडायला हवं तसं. एका जागी इतके सरळ तळ मी जन्मात पाहिले नव्हते. माझ्या हातचे जोड वापरणाऱ्यांचेही नाहीत. मी भाषण न करता तिथून निघून आलो.

दामू आणि मी महालात एकाच गल्लीत वाढलो. दुकान माझ्या वडिलांचं. आमच्याकडे माप कागदावर घेतात. कोरा कागद जमिनीवर ठेवायचा, त्याच्या कोपऱ्यात आधी गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं, मग त्याने त्यावर उभं राहायचं आणि आपण खाली गुडघे टेकून, पेन्सिल उभी धरून, पायाभोवती रेघ फिरवायची. पेन्सिल जरा तिरपी झाली की जोड वाया. मग कमानीखालून कागदाची पट्टी सरकवून बघायची, किती आत जाते. आणि शेवटी एकेक बोट दाबून विचारायचं, "समजतं का?" हे शेवटचं वडिलांचं खास. ज्याला दाबलेलं समजत नाही, त्याला उघडी चप्पल द्यायची नाही, त्याचा जोड बंद आणि आतून मऊ करायचा, आणि रोज तळवा आरशात बघायची ताकीद द्यायची, हा आमच्या दुकानाचा नियम. एकदा वडील दुकानात बसले असताना समोरून एक अनोळखी माणूस जात होता. त्याच्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली आणि तो तसाच पाच-सहा पावलं पुढे गेला. वडील हातातलं काम टाकून धावत गेले, त्याला हाताला धरून आत आणलं, पाटावर बसवलं आणि त्याचा पाय मांडीवर घेतला. तळव्यात खिळा रुतलेला होता आणि त्या माणसाला पत्ता नव्हता. त्याला साखरेचा आजार होता. वडील मला म्हणाले, "मधू, चप्पल सुटलेली ज्याले समजत नाही, त्याले कधी जाऊ देजो नको." मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, आणि दामू माझ्या शेजारी बसून हे बघत होता.

दामूचे तीन कागद आमच्या गठ्ठ्यात आहेत. एक चौदाव्या वर्षीचा, तो अनवाणी धावून शाळेत पहिला आला तेव्हा वडिलांनी त्याला जोड शिवून दिला त्याचा. एक लग्नाचा. एक पंचेचाळिशीतला, माझ्या हातचा. पाय असा होता की त्यावर चित्र काढावं... उंच कमान, पसरलेली बोटं, करंगळीसुद्धा जमिनीला टेकलेली. तो एका शाळेत ड्रिल मास्तर झाला, मी दुकान धरलं. रोज संध्याकाळी शाळा सुटली की तो दुकानाच्या बाकावर येऊन बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चालीवर मला ऐकवत राही. "पाह्य बे मध्या, त्याचा पंजा झोपून राहिला." मी म्हणे, मग झोपलेल्याला उशी देऊ. त्यातूनच मी आधाराच्या गाद्या करायला लागलो, कमानीखाली बसवायच्या, टाचेखाली बसवायच्या. सपाट पायाचे, टाच दुखणारे लोक लांबून येऊ लागले. नरखेडकडचे संत्र्याच्या बागावाले, बुटीबोरीला यंत्रापुढे आठ-आठ तास उभे राहणारे कामगार. दोनच दिवसांत दुखणं थांबलं म्हणून लोक येऊन हात हातात घेत. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे, आणि तो कोणी काढून घेऊ शकत नाही.

निवृत्त झाल्यावर दामूने बागेत वर्ग सुरू केला. चपला काढायच्या, गवतावर उभं राहायचं. पायाच्या बोटांनी जमिनीवरचा पंचा गोळा करायचा. दहा चिंचोके बोटांनी उचलून वाटीत टाकायचे. अंगठा खाली आणि बाकीची चार वर, मग चार खाली आणि अंगठा वर... हे वाचताना करून पाहा, होत नाही. बोटं न मुडपता कमान वर ओढून पाऊल आखूड करायचं. चवड्यावर हळू चढायचं आणि त्याहून हळू उतरायचं. झाडाला हात लावून पोटऱ्या ताणायच्या, घोटे फिरवायचे. आणि मग एका पायावर उभं राहायचं, हात मोकळे, नजर समोर, तीस आकडे, आधी डोळे उघडे ठेवून आणि महिन्या-दोन महिन्यांनी मिटून. एवढ्यावर तो थांबला असता तर आमचं काही बिघडलं नसतं. पण त्याला माझं नाव घेतल्याशिवाय चैन पडेना. "मध्याची गादी म्हनजे पायाले दिलेली सुटी," असं तो भर वर्गात सांगायचा, आणि लोक हसायचे. "सुटी संपत नाई तं पाय कामावर कसा येईन?" माझीच जुनी गिऱ्हाइकं हे मला दुकानात येऊन सांगायची आणि गाद्या परत करायची. मी एकदा त्याला विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणतो, "खोटं बोलून राहिलो का?" त्यानंतर तो बाकावर कमी बसू लागला, आणि मीही त्याला चहा विचारेनासा झालो.

पाचेक वर्षांपूर्वी विमल कपडे धुताना घसरून पडली. घोटा मोडला. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण बाई पहिल्यासारखी चालेना. हात सतत भिंतीला. बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीच्या रंगावर तिच्या तळव्याचा एक मळकट पट्टा उमटला. मान खाली, खांदे पुढे, दर पावलाला जमीन चाचपणार. मी काय केलं? जे येतं ते केलं. घोट्यापर्यंत उंच, आतून मऊ, दोन्हीकडून ताठ असा जोड शिवला. तरी ती डुगडुगायची. मग त्याहून जाड तळ केला, त्याहून उंच कड केली. सहा महिन्यांत तिची पोटरी वाळून गेली आणि जोड काढला की ती पलंगावरून उठायलाही घाबरू लागली. मी तिला घरात एकटीला चालू देत नसे. "मी आहे ना धरायला," असं म्हणायचो. मला वाटायचं हे प्रेम आहे, आणि होतंच. पण ती दिवसेंदिवस म्हातारी होत होती, आणि माझ्या देखत होत होती.

मग ती म्हणाली, शेजारच्या बाईंबरोबर रोज सकाळी दत्ताच्या देवळात जाते, बाहेर काढायला सोप्या म्हणून जोडाऐवजी जुन्या चपला घालून. मला बरं वाटलं. तीनेक महिन्यांनी तिच्या चपलांना नवी टाच लावावी म्हणून मी त्या हातात घेतल्या आणि तिथेच बसलो. देवळापर्यंतचं अंतर आणि तीन महिने, त्या मानाने तळ झिजलेच नव्हते. पण वरच्या बाजूला, जिथे पाऊल टेकतं, तिथे नवीन खुणा होत्या. विमलच्या चपलेवर नेहमी टाचेचा एक आणि अंगठ्याचा एक असे दोनच खळगे असायचे. आता पाच बोटांचे पाच होते. करंगळीचासुद्धा. आणि खळग्यांत वाळलेल्या गवताची भुकटी. मला कळायचं ते कळलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागोमाग गेलो.

कडुनिंबाखाली पंधरा-वीस लोक होते आणि त्यांत विमल, अनवाणी, उजव्या पायावर उभी. आसपास धरायला काही नाही. पदर खोचलेला, मान सरळ. दामू समोरून आकडे म्हणत होता, "अठरा... एकोनीस..." मी कुंपणापासूनच ओरडत गेलो. काय काय बोललो ते इथे छापता येणार नाही. मोडलेला घोटा घेऊन आलेल्या बाईला एका पायावर उभं करतोस, ती पडली तर तुझे दोन्ही पाय मोडीन, फुकटचा डॉक्टर झालास का, पोरं पळवून पळवून अक्कल पायात गेली का तुझी... दामू आकडे म्हणायचा थांबला. म्हणाला, "मध्या, पाय तिचा आहे. तिले विचार." मी विमलकडे वळलो. तिचा डावा पाय अजून वरच होता. दामू थांबला होता तरी ती स्वतःशी मोजत होती. तिचे ओठ हलत होते. तीस झाल्यावर तिने पाय खाली ठेवला आणि मला म्हणाली, "तुमी घरी जा. मले डावा करायचा आहे अजून." त्या वीस लोकांसमोर. दामू हसला नाही, हे मी कबूल करतो. पण त्याने पुन्हा "एक" म्हटलं, आणि ते मी त्याला कधी माफ केलं नाही.

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. विमल मात्र उघडपणे जाऊ लागली. वर्षभरात भिंतीवरचा पट्टा पुसट झाला, मग दिवाळीच्या रंगात गेला, आणि परत उमटला नाही. खांदे मागे गेले. मी म्हणायचो, तू उंच झालीस का? ती म्हणे, "उंच कुठची, वाकून होती ते सरळ झाली." खाली बसून भाजी निवडायला लागली, उठताना गुडघ्यावर हात न टेकता. चप्पल घालताना दाराची चौकट धरायची सोडली. एकदा रस्त्यात मागून सायकलवाला अंगावर आला तर ती पटकन एका पायावर फिरून बाजूला झाली, आणि पडलो मी. तिने मला उठवलं. इतकं सगळं डोळ्यांनी दिसत असताना मी काय म्हणावं? म्हणालो, हाड मुळातच छान जुळलं होतं. दामूचं नाव मी घरात घेऊ देत नव्हतो. हे आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती, आणि खोटी लाज दाखवण्यात अर्थ नाही.

गेल्या हिवाळ्यात विमल एकदा जेवताना म्हणाली, "दामूभाऊ आता डोळे मिटून नाही दाखवत. झाडाले पाठ टेकून उभे राह्यतात." मी म्हणालो, म्हातारा झाला. काही दिवसांनी म्हणाली, "चिंचोके उचलून दाखवताना त्याहीच्या पायातून सुटून राहिले." मी म्हणालो, बरं झालं. विमलने ताट उचललं आणि उठून गेली. दामूला साखरेचा आजार आहे हे मला ठाऊक होतं, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण त्याचे पाय! त्या पायांना काही होईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. खरं म्हणजे आलं होतं. मी ते येऊ दिलं नाही.

आणि मग चैत्रातली ती दुपार. दुकानात मी एकटाच. रस्त्यावर चिटपाखरू नाही, समोरचा डांबरी रस्ता उन्हाने मऊ झालेला. पायरीवर सावली पडली म्हणून मान वर केली तर दामू. साडेतीन वर्षांनी. साधी रबरी चप्पल पायात, हातात रुमाल, घामाने डबडबलेला. आत आला नाही, पायरीवरच उभा राहिला.

म्हणाला, "मध्या, माप घेतं का?"

मला वाटलं, टोमणा मारायला आला आहे. बागेत जाऊन हे सांगणार आणि लोक हसणार. मी म्हणालो, "काहून? बागेतलं गवत संपलं का? जा बे, पायाले सुटी देऊ नको. उघडाच फिर."

तो म्हणाला, "मजाक नाही करून राहिलो गा."

मी म्हणालो, "मीही नाही."

त्याने स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग जमिनीवर, जिथे मी कागद ठेवून गुडघे टेकून बसतो त्या जागेकडे. मला वाटतं तो अजून काही बोलणार होता... मग वळला आणि उतरला. डाव्या पायातली चप्पल पायरीवरच राहिली. तो त्या पेटलेल्या डांबरावर एक पाय उघडा टाकत चार पावलं गेला. चार. मी मोजली. विस्तव झालेल्या रस्त्यावर तळवा टेकत होता आणि त्याच्या चालीत काही फरक पडला नाही. मी ओरडलो, "मास्तर, चप्पल राहिली!" आणि हसलो. मोठ्याने हसलो. तो थांबला, पायाकडे पाहिलं, परत आला. चपलेत पाऊल नुसतं घालता येईना त्याला. वाकून, हाताने धरून, डोळ्यांनी बघत त्याने ते आत बसवलं. माझ्याकडे न बघता गेला.

वडिलांचं वाक्य मला नंतर आठवलं, असं मी लिहू शकलो असतो. कोणाला काय कळणार होतं? पण ते मला त्याच क्षणी आठवलं होतं. तो तिसरं पाऊल टाकत होता तेव्हाच मला कळलं होतं की या पायातली जाणीव गेली आहे, आणि मी हसलो ते त्यानंतर. वडील अनोळखी माणसामागे धावले होते. मी लहानपणच्या मित्राला जाऊ दिलं, कारण मला वाटलं की तो पुन्हा येईल, आणि दुसऱ्यांदा जरा जास्त नरमून येईल. तो गल्लीच्या टोकाला दिसेनासा झाल्यावर मी कोरा कागद काढला, कोपऱ्यात "दामोदर बोंडे" असं लिहिलं आणि बाकावर ठेवून दिला. येईल तेव्हा तयार असावा म्हणून. इतकी माझी अक्कल.

वैशाखात, सकाळी आठलाच तापणाऱ्या बागेतल्या फरशीवर, तो कोणा नवीन माणसाला अनवाणी चालून दाखवत होता. तळव्याला फोड आला. त्याला तो समजला नाही, दोन-तीन दिवस तसाच वर्ग घेत राहिला. अर्चनाला घरातल्या फरशीवर रक्ताचे डाग दिसले तेव्हा जखम आत गेली होती. दवाखान्यात बारा दिवस. विमल रोज जात होती, पण दामूचं नाव घरात नको म्हणून काय झालंय ते मला सांगत नव्हती, आणि मी विचारलं नाही, एकदाही गेलो नाही. यात दामूची चूक नाही का? आहे. ड्रिल मास्तरच्या ताठ्याने मारलं त्याला. लोकांना एका पायावर उभं करणाऱ्याने स्वतःचा तळवा बघू नये? मी एकदा हाड् म्हटलं म्हणून शहरात दुसरं दुकान नव्हतं? लोकांच्या बोटाबोटाला धडा देत होतास ना रे, मग तुझ्या पायाचं तुला सांगता येत नव्हतं? मी हे रोज त्याच्याशी भांडतो, आणि भांडण जिंकतो, आणि त्याने काही होत नाही. वाचकांपैकी कोणाला तळव्याला मुंग्या येत असतील, वाळू लागल्यासारखी वाटत असेल, चप्पल सुटलेली समजत नसेल, तर दामूचे व्यायाम जरूर करा, पण डॉक्टरला पाय दाखवून आणि बंद जोड घालून. आणि ज्यांचे पाय जागे आहेत त्यांनी माझी गादी टाकून द्यावी आणि चिंचोके उचलावेत. हे मी लिहावं म्हणून दामूला मरावं लागलं.

बाकावरचा कागद मी अजून उचललेला नाही. गिऱ्हाईक बसायला आलं की मी त्याला दुसरीकडे बसवतो.

विमल रोज सकाळी गॅसवर चहा ठेवते आणि उकळी येईपर्यंत ओट्याशी एका पायावर उभी राहते. उजव्यावर तीस, डाव्यावर तीस. हात मोकळे हवेत हा नियम, पण रविवारी तिच्या हातात पुरवणी असते. वर्गात तिने विचारलं होतं तेव्हा दामूने तेवढी सूट दिली होती. हा लेख येईल त्या रविवारीही ती तशीच उभी असेल. मी स्वयंपाकघराच्या दारात असेन. विमल, आता तू इथपर्यंत आली असशील. मी खोटं बोललो. तो असाच आला नव्हता, माप द्यायला आला होता. मला त्याचा पाय कळला होता, आणि मी हसलो. तुझे तीस झाले नसतील तर पूर्ण कर. मी धरायला पुढे येत नाही.